टायटॅनिकचा करार आणि रेवसची बोट

टायटॅनिक सिनेमामुळे घराघरांत पोहोचली. पण तिच्या बुडण्यातून एक आंतरराष्ट्रीय करार जन्मला, हे मुलांना कुणी फारसं सांगत नाही.

त्या काळच्या ब्रिटिश नियमात जीवरक्षक होड्यांची संख्या बोटीच्या आकारमानावर ठरे, माणसांवर नव्हे. दहा हजार टनांपुढच्या बोटीला १६ होड्या पुरेशा मानत. टायटॅनिक ४६ हजार टनांची, होड्या २०. म्हणजे नियमापेक्षा चार जास्तच! पण बोटीवर माणसं सुमारे २,२०० आणि होड्यांत जागा १,१७८ जणांना. १५ एप्रिल १९१२ रोजी दीड हजार जीव गेले ते नियम पाळूनही.

म्हणून १९१४ साली १३ देश लंडनला जमले आणि ‘सोलास’ करार झाला. बोटीवरच्या प्रत्येकाला होडीत जागा हवी, हे त्याचं सूत्र. महायुद्धामुळे तो करार अमलात आला नाही. पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ साली नवे करार झाले. यातला शेवटचा करार दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

पण वाचकहो, सोलास मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी आहे. आपल्याच किनाऱ्यावरच्या प्रवासाची काळजी देशाच्या कायद्यानं घ्यायची.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ऐन पावसाळा, खवळलेला दर्या. लाटा आत येताच घाबरलेले प्रवासी एका बाजूला सरकले नि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळ कूर्मगडाच्या नरसिंहाची जत्रा करून परतणारी होडी उलटली, १६ जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जण दगावले.

बेळगाव, निपाणी असो की तिकडे इंदूर, आपण समुद्रापासून दूरची माणसं. बोटीत पाय पडतो तो सहलीला किंवा जत्रेला, तोही घाईत. तेव्हा चढण्यापूर्वी होडीत किती माणसं चालतात ते विचारा. जॅकेट मागून घ्या नि मुलांना आधी घाला. होडी भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहा. नावाडी हसला तर हसू द्या.