डोंगर चढावा मुलांच्या पावलांनी

डोंगर म्हटला की आपल्यातल्या कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. आठवडाभर कारखान्यात, बांधकामावर, नाहीतर चार घरची धुणीभांडी करून अंग मोडलेले असते. सुटीच्या दिवशी आणखी अंग मोडून घ्यायला कोण जाईल? शिवाय ट्रेकिंग म्हणजे महागडे बूट आणि महागडी पाठपिशवी असणाऱ्यांचे काम, असाही समज आपण करून घेतला आहे. वाचकहो, हा समज आता काढून टाकला पाहिजे.

२५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा या आदिवासी मुलीने एव्हरेस्ट सर केले. तेव्हा तिचे वय होते १३ वर्षे ११ महिने. आईवडील शेतमजूर. आजच्या तेलंगणात समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत ती शिकत होती. तिच्यासोबत अशाच निवासी शाळेतला आनंद कुमार हा दलित मुलगा होता. दोघांच्याही घरी पैसा नव्हता. पण लक्षात घ्या, ही मुले एकदम एव्हरेस्टवर गेली नाहीत. आधी भोंगीरच्या खडकावर शिकली, मग दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत शिकली. पायरीपायरीने वर गेली.

आपल्या मुलांनाही हाच नियम लागू. मुंबईकरांनी आधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. पुण्याकडच्यांनी लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी पाहावीत आणि तिथून लोहगड गाठावा. मूल हे अंतर रडारड न करता चालले, दुसऱ्या दिवशी हसतखेळत शाळेत गेले, की मग मोठ्या डोंगराचा विचार करावा.

मोठा डोंगर म्हणजे कोणता? आम्ही कळसूबाईचे नाव घेऊ. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बारी नावाचे गाव आहे, तिथून वाट चढते. मुंबईहून येणाऱ्यांनी कसारा किंवा इगतपुरीला उतरून घोटीमार्गे भंडारदऱ्याचा रस्ता धरावा. पुण्याहून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग आहे. नवरात्रात इथे यात्रा भरते आणि परिसरातील म्हाताऱ्याकोताऱ्या बायाही वर जातात. म्हणून डोंगर सोपा समजू नये. त्यांचे पाय जन्मापासून या वाटेचे आहेत, आपल्या मुलांचे पाय चाळीच्या जिन्याचे.

मोठ्या माणसाला वर जायला तीन-चार तास लागतात. मुलांना घेऊन गेल्यास पाच तास धरावेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात धुके आणि निसरडे, उन्हाळ्यात सावली नाही. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागले तर लोखंडी शिड्यांपासून आणि उघड्या माथ्यापासून ताबडतोब दूर व्हावे, कारण वीज उंच जागा शोधते. गर्दीचा रविवार टाळता आला तर टाळावा.

आता तयारी. पायात चप्पल नको. शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात, फक्त तळ झिजलेला नसावा. मोठ्या माणसामागे तीन लिटर आणि मुलामागे दीड-दोन लिटर पाणी घरूनच घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाजावेत. एका बाटलीत लिंबू-साखर-मिठाचे पाणी असू द्यावे. शिदोरीत गूळ-चपाती, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी, केळी. माथ्यावर पायथ्यापेक्षा चार-पाच अंशांनी गार असते, वर वारा. घामेजलेले मूल तिथे लगेच कुडकुडते. म्हणून एक कोरडा सदरा, स्वेटर आणि कानटोपी पिशवीत हवीच. माकडांसमोर खाऊ उघडू नये. मधमाश्यांचे पोळे दिसले तर धूर, आरडाओरडा, दगड यांपैकी काहीही नको.

या वाटेवर खरी परीक्षा आहे ती उभ्या कातळावर लावलेल्या लोखंडी शिड्यांची. मुलाचे दोन्ही हात मोकळे असावेत, पिशवी मोठ्यांकडे. एका वेळी एकच मूल, आणि त्याच्या लगेच खाली एक मोठे माणूस. उतरतानाही मोठ्याने आधी उतरावे आणि मुलाने तोंड शिडीकडे ठेवून मागे यावे. मुलाला खांद्यावर किंवा कडेवर घेऊन शिडी चढणे म्हणजे दोन जीव एका हातावर टांगणे. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना शिड्यांवर नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मागच्या जानेवारीत आम्ही घरचे पाच जण गेलो होतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सात वर्षांचा, सोबत त्यांची आत्या. पहिली शिडी दोघेही चढले. दुसऱ्या शिडीवर अर्ध्यात धाकट्याचे हात गजाला चिकटून बसले. ना वर, ना खाली. खाली रांग लागली. कोणीतरी ओरडले, "मुलगा ना रे तू? मुलीसारखा काय रडतोस?" त्याच वेळी त्याची बहीण शिडी चढून वर बसली होती आणि सगळे ऐकत होती. आम्ही रांगेतल्यांना हात जोडले, पाच मिनिटे मागितली आणि एकेक पायरी करत त्याला खाली आणले. लाडू खाल्ला, पाणी प्यायला, अर्धा तास इतरांना चढताना पाहिले आणि म्हणाला, "मला नाही जायचे." आम्ही त्याला पुन्हा विचारले नाही. आमच्यापैकी एकजण त्याच्याजवळ थांबला, बाकीचे थोरलीला घेऊन माथ्यावर गेले. भंडारदऱ्याचे पाणी, अलंग-मदन-कुलंग हे सारे पाहून ती खाली आली. रात्री चाळीत शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा तीच आधी बोलली, "आमचा दादूपण एक आख्खी शिडी चढला."

हे आपोआप होत नाही. निघण्याआधीच घरात ठरवावे लागते की सर्वात लहान पावलाचा वेग तोच सगळ्यांचा वेग, आणि दुपारचे बारा वाजले की असू तिथून मागे फिरायचे. थंडीत सहाच्या सुमारास अंधारते, आणि दमलेले पाय उतरतानाच जास्त घसरतात. शिखर उद्याही तिथेच राहणार आहे. मुलाला मात्र आज भीती दाखवून, लाजवून वर ओढले तर डोंगर त्याच्या मनातून कायमचा उतरतो. आणि मुलगी धीट निघाली तर तिला पुढे जाऊ द्यावे. घाबरणे हा मुलीचा गुण नव्हे आणि न घाबरणे ही मुलाची सक्ती नव्हे, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा शिडीवर लवकर कळते.

शेवटी एक सांगणे. बारीतील घरांत पिठले-भाकरी मिळते. वाटेवर गावातल्या बाया लिंबू सरबत विकतात. ती हंड्यांनी पाणी डोक्यावर वाहून वर आणतात. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. ओझ्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा, आणि तो मुलांच्या हातूनच भरून घ्यावा.

नाताळच्या सुटीला अजून अवकाश असेल तर या रविवारी कान्हेरी नाहीतर भाजे गाठा. मुलांना पुढे चालू द्या, आपण मागे राहा.