पडद्यावरचा पिवळा डाग

गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यात एक पिवळसर डाग दिसायला लागला. हळदीचा हात लागला असेल म्हणून आधी पदरानं पुसला. जाईना. मग ओल्या फडक्यानं पुसला (शहाणपणाच म्हणायचा!). दुसऱ्या दिवशी डाग थोडा पसरला आणि त्याची कड तपकिरी झाली, चादरीवर चहा सांडला की उमटते तशी. घरातून लगेच विचारणा झाली, "पाण्यात पाडलास का?" मीही ठणकावून सांगितलं, "छे! थेंबसुद्धा लागलेला नाही."

सिन्नरच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मुलानं सिमचा ट्रे बाहेर काढला, टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "काकू, पाणी गेलंय." मी पुन्हा तेच पालुपद. त्यानं काही न बोलता फोन माझ्यासमोर धरला. आत एक इवलीशी चिकटपट्टी होती, मुळात पांढरी, आता लालभडक. बऱ्याच कंपन्या फोनमध्ये अशी पट्टी लावतात. ओल लागली की ती लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, तेव्हा ही पट्टीच साक्षीला उभी राहते.

घरी जाताना सगळं आठवलं. नाशिकहून एसटीनं येताना पर्समधल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बसलं नव्हतं. रुमाल भिजला, तो मी वाळत घातला. फोन चालू होता, म्हणून त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. उलट घरी आल्या आल्या चार्जिंगला लावला!

खरं नुकसान तिथंच होतं. आपल्या पाण्यात क्षार असतात. त्यात वीज खेळत राहिली की आतल्या नाजूक जोडांवर गंज चढायला लागतो. म्हणून आज ठणठणीत वाटणारा फोन चार दिवसांनी मान टाकतो. साध्या एलसीडी स्क्रीनच्या मागे प्रकाश पसरवणारे कागदासारखे पातळ थर असतात, त्यांच्यात ओल शिरली की असे पांढुरके, पिवळट ढग दिसतात. महागड्या ओएलईडी स्क्रीनमध्ये काळे-जांभळे डाग पडतात, कधी हिरवट झाक येते. ते डाग पसरत जातात आणि मग स्क्रीन बदलण्यावाचून इलाज नसतो.

अर्थात, रंग बदलला म्हणजे पाणीच गेलं असं नाही. आमच्या ओळखीतल्या एक आजी दोन दिवस हवालदिल होत्या. सगळी स्क्रीनच पिवळी! नातवानं खेळता खेळता डोळ्यांना आराम देणारं सेटिंग चालू केलं होतं, एवढंच. यावर सोपी परीक्षा आहे. स्क्रीनशॉट काढा आणि दुसऱ्याच्या फोनवर पाठवून बघा. तिथं डाग दिसला नाही, तर दोष तुमच्या स्क्रीनमध्ये आहे किंवा रंगाच्या सेटिंगमध्ये. सेटिंगनं सगळी स्क्रीन सारखीच बदलते. एकाच कोपऱ्यात डाग, त्याला कड आणि तो रोज वाढतोय, असं असेल तर दुकान गाठा.

पण आज लिहायला बसले ते आमच्या शेजारच्या मावशींमुळे. आपल्या सिन्नरात विड्या वळणाऱ्या बायका किती, हे मी वेगळं सांगायला नको. कापण्याआधी पानं भिजवतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. मावशींचा फोन त्याच फडक्यावर राहिला, तासभर तरी. मुलानं हप्त्यावर घेऊन दिलेला फोन. तो ओरडेल म्हणून मावशी गप्प राहिल्या. तीन दिवस डाग पाहत होत्या आणि रोज रात्री चार्जिंगला लावत होत्या. चौथ्या दिवशी स्क्रीन काळी. बचत गटाच्या वहीचे फोटो त्यात, बँकेचे मेसेज त्यात.

मी रागावले, तर म्हणाल्या, "ताई, त्याच्या हातून पडला तर फोन पडतो. माझ्या हातून पडला तर मी पाडते."

यावर काय बोलणार? आपल्या झंपरला ना खिसा, ना साडीला. फोन कमरेला, नाहीतर ब्लाउजमध्ये घामात, नाहीतर ओट्यावर कुकरच्या वाफेत. तो भिजणारच. अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये राज्यभर सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी का, हीसुद्धा त्यांची तक्रार होती. त्या संघटनेच्या बळावर बोलल्या. घरात एकटीनं बोलायचं तर जीभ अडखळते, आणि इकडे फोनला तर पहिला तासच मोलाचा असतो.

तेव्हा भिजला की लगेच बंद करा. चालतोय का हे बघायला पुन्हा पुन्हा चालू करू नका. चार्जर लांब ठेवा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, कारण ओटीपी सिमवर येतो, फोनवर नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी आधारला जोडलेला नंबर बंद असलेल्यांची काय धावपळ झाली, ते आठवा. फोन कोरड्या कापडानं टिपा आणि पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. हेअर ड्रायर नको, कडक ऊन नको. आणि तांदळाचा डबाही नको! ॲपलनं २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं की तांदळात फोन ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. चहा, दूध, साबणाचं पाणी सांडलं असेल तर वाळण्याची वाटही पाहू नका, सरळ दुकानात जाऊन आतून साफ करून घ्या. जाहिरातीत 'आयपी ६७' लिहिलेलं असतं ते मीटरभर खोल साध्या पाण्यात अर्धा तास, एवढ्यापुरतंच. १ सप्टेंबर २०२२ ला सरस्वतीचं गढूळ पाणी बाजारपेठेत शिरलं, तसल्या पाण्याचा त्यात हिशेब नाही.

दुकानात फोन उघडायच्या आधी खर्च विचारा, आणि पाणी कधी, कुठलं गेलं ते खरं सांगा. मी सांगितलं नाही, म्हणून त्या मुलाचा अर्धा तास गेला.

मावशींच्या फोनची स्क्रीन बदलावी लागली. हिशेबाचे फोटो मिळाले. मुलगा ओरडला, पण म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर?" माझ्या फोनवरचा डाग आहे तिथंच आहे, आतून सफाई झाल्यावर वाढायचा थांबला. कुणी विचारलं की सांगते, बाटली सांडली होती.