सहीपुरती बायको

मार्चमधला रविवार. टेबलावर लॅपटॉप, चहाचे दोन कप आणि आमचा जोडीने भरायचा पहिला अमेरिकन टॅक्स रिटर्न. मी न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर सॉफ्टवेअरची नोकरी करतो. बायको गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यातली टेस्टिंगची नोकरी सोडून एच-फोरवर आली. एच-फोर म्हणजे माझ्यासारख्यांच्या नवरा-बायकोला आणि मुलांना मिळणारा व्हिसा.

१०४० फॉर्मच्या शेवटी सहीच्या दोन जागा असतात. तिने विचारलं, "मी सही केली म्हणजे नेमकं काय होतं?"

मी सांगितलं. जोडीने रिटर्न भरला की त्यातल्या सगळ्या टॅक्सला दोघंही जबाबदार. अर्ध्या-अर्ध्याला नाही, पूर्ण रकमेला. उद्या मी काही लपवलं आणि ते सापडलं, तर वसुली तिच्याकडूनही होऊ शकते.

"आणि माझा नंबर?"

तिला नंबर नाही. आपल्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो तो काम करायची परवानगी असली तरच, आणि एच-फोरवर ती सहसा नसते. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्पा ओलांडला असेल तर २०१५ पासून बायकोला ती मागता येते. आमचा अर्ज अजून सुरूही झालेला नाही. म्हणून तिच्यासाठी आयटिन काढायचा. १९९६ साली सुरू झालेला हा नऊ आकडी नंबर फक्त टॅक्सच्या कामाचा. त्यावर नोकरी करता येत नाही, व्हिसा मिळत नाही. त्याचा अर्ज रिटर्नलाच जोडायचा, सोबत मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाची साक्षांकित प्रत, नाहीतर अधिकृत एजंट गाठायचा.

आता कोणी म्हणेल, फायदाही घेताय की! घेतोय. एकट्याने भरलं तर २०२५ साठी १५,७५० डॉलर उत्पन्न वजा होतं, जोडीने भरलं तर ३१,५००. पण त्यासाठी ती वर्षभर इथलीच रहिवासी होती असं मानून घ्यावं लागतं. मग तिचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या हिशोबात येतं: जानेवारी ते जुलै पुण्यात मिळालेला पगार, बँकेतल्या एफडीचं व्याज, सगळं. भारतात कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, हे खरं. पण हिशोब द्यावा लागतोच.

म्हणजे पुण्यात बसून कमावलेला पैसा मोजताना माझी बायको अमेरिकेची रहिवासी. टॅक्स बुडाला तर ती पूर्ण जबाबदार. इथपर्यंत कुटुंब एक. माझा राग पुढच्या पानावर सुरू होतो, जिथे सरकार काही द्यायला निघतं.

माझा चुलतभाऊ, दादा, टेक्सासमध्ये असतो. मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदतीचा केअर्स कायदा आला. मोठ्या माणसाला १,२०० डॉलर, मुलामागे ५००. दादाकडे सोशल सिक्युरिटी नंबर होता, तिथेच जन्मलेल्या पुतणीकडे होता, वहिनीकडे आयटिन. वहिनीला वगळलं तरी १,७०० व्हायला हवे होते. मिळाले शून्य. कारण जोडीने भरलेल्या रिटर्नमध्ये दोघांकडेही तो नंबर हवा होता, सूट फक्त सैन्यातल्या कुटुंबांना. एक पोर, जन्माने अमेरिकन नागरिक, तिचे ५०० डॉलर गेले कारण तिची आई आयटिनवाली होती. डिसेंबर २०२० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि दादाचे व पुतणीचे पैसे पुढच्या रिटर्नमध्ये मागता आले. वहिनीचे शेवटपर्यंत नाहीत.

या नियमाचा रोख वहिनीवर नव्हता, हे उघड आहे. रोख होता कागदपत्रं नसलेल्या मजुरांवर, कारण तेही आयटिन घेऊनच टॅक्स भरतात. वहिनी त्याच रांगेत सापडली. आणि आपल्या लोकांची तक्रार काय होती? "आम्ही तर लीगल आहोत!" रांग चुकीची आहे असं कोणी म्हटलं नाही. आम्हाला या रांगेत का उभं केलं, एवढंच.

मे २०२५ मध्ये हे पुन्हा घडलं. मुलांमागे मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटसाठी मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, हे २०१८ पासूनच आहे. म्हणजे पुण्यात जन्मून इथे आलेल्या, नंबर नसलेल्या मुलामागे जेमतेम ५०० डॉलर. आता प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात जोडीने रिटर्न भरणाऱ्या दोन्ही पालकांचा नंबर मागितला होता. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस आग. मग सिनेटने ते बदललं: एका पालकाचा नंबर पुरे. ४ जुलै २०२५ ला कायदा झाला. एच-वन-बीवाल्याकडे नंबर असतोच, म्हणजे आपण सुटलो. ग्रुप शांत झाला. मग गणपतीच्या वर्गणीची चर्चा सुरू झाली.

सुटले नाहीत ते कोण? ज्या घरात आई-बाप दोघंही आयटिनवर आहेत ते. त्यांचं मूल अमेरिकन नागरिक असलं, त्याच्याकडे स्वतःचा नंबर असला, तरी मुलामागचे २,२०० डॉलर गेले. आदल्या वर्षापर्यंत मुलाचा नंबर पुरत होता. पुतणीचं २०२० मध्ये जे झालं तेच हे. फक्त या वेळी पोर आपलं नाही.

"ते टॅक्सच भरत नाहीत," असं आपल्यातले शिकलेले लोक बोलतात. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसीच्या अंदाजानुसार कागदपत्रं नसलेल्या लोकांनी २०२२ साली सगळे मिळून सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला. आपले पैसे आणि त्यांचे पैसे एकाच तिजोरीत जातात.

दुसरा टोमणा ठरलेला: "नियम माहीत होते ना, मग कशाला गेलात? परत या." येऊही. पण माझ्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात आणि कंपनी तेवढेच घालते. त्याची पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं. एच-वन-बीची नेहमीची मुदत सहा वर्षं. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही, त्यामुळे सहा वर्षांनी परतणाऱ्याचे ते पैसे इथेच राहतात. नियम ठाऊक असणं आणि नियम न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक मित्र म्हणतो, आपण एच-फोरपुरता अपवाद मागू, तेवढं मिळेल. मिळेलही. मला तो नको. अपवाद मागितला की उरलेल्यांसाठी नियम बरोबर आहे असं आपणच लिहून देतो, आणि पुढच्या वेळी अपवादाची रेघ आपल्या अलीकडे सरकली तर बोलायला तोंड राहत नाही. मागणी एका ओळीची हवी: टॅक्स घेताना ज्याला मोजता, त्याला देतानाही मोजा.

सहीशेजारी व्यवसाय लिहायची जागा असते. तिने 'सॉफ्टवेअर टेस्टर' लिहिलं. मी म्हटलं, "अगं, आता तर तू नोकरी करत नाहीस."

"जानेवारी ते जुलैचा पगार धरलाय ना यात?" ती म्हणाली. "मग तो काय तू कमावलास?"

मी ते तसंच ठेवलं.