विश्लेषण : स्लाइडमधील ‘छोटी’ दुरुस्ती एआय एजंटकडे, जबाबदारी कोणाकडे?

पालिकेची आढावा बैठक असो, महाविद्यालयाचे मूल्यांकन असो की गृहसंस्थेची वार्षिक सभा, पीपीटीशिवाय आता पान हलत नाही. बैठकीला तासभर उरला असताना ‘तेवढा एक आकडा बदला’ असा निरोपही हमखास येतो. हे काम करणारे एआय एजंट आता उपलब्ध झाले आहेत. सोय मोठी आहे, पण पनवेलसारख्या वाढत्या शहरातील कार्यालयांनी ती कोणत्या अटींवर स्वीकारावी?

हा एजंट नेमके काय करतो?

चॅटबॉट सल्ला देतो, एजंट प्रत्यक्ष काम करतो. ‘चौथ्या स्लाइडवरील तक्त्यात २०२४ ऐवजी २०२५ करा’ असे सांगितले की तो फाइल उघडतो, योग्य चौकट शोधतो, बदल करतो आणि स्लाइड पुन्हा तपासतो. हे शक्य होते फाइलच्या रचनेमुळे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी आले. मात्र २००७ च्या ऑफिसपासून रूढ झालेली ‘पीपीटीएक्स’ फाइल म्हणजे अनेक मजकूर-फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे असते. त्यात प्रत्येक चौकटीला क्रमांक असतो आणि तिची जागा इंचाच्या ९,१४,४०० व्या भागापर्यंत नोंदलेली असते. एजंट ही नोंद वाचतो आणि बदलतो.

छोटी दुरुस्ती अवघड का?

कोरी स्लाइड सजवताना दहा उत्तरे चालतात. दुरुस्तीत उत्तर एकच असते आणि बाकी सगळे जसेच्या तसे राहावे लागते. भाषेची प्रारूपे मजकूर नव्याने रचण्यात तरबेज असतात. त्यामुळे एक शब्द बदलायला सांगितला तरी शेजारचे वाक्यही ‘सुधारण्याचा’ मोह त्यांना होतो. शिवाय एकच आकडा शीर्षकात, आलेखात आणि वक्त्याच्या टिपणांत असू शकतो. आलेखाच्या पोटात तर एक्सेलची वेगळी वही असते. दिसणारा आकडा बदलला आणि वही तशीच राहिली, तर पुढे कोणी आलेख संपादित करायला उघडला की जुना आकडा परत येतो.

मराठी स्लाइडची अडचण कोणती?

आपल्याकडील कार्यालयांत युनिकोडपूर्व फॉन्टमधील फाइली अजून फिरतात. अशा फाइलीत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. केवळ साठवलेला मजकूर वाचणाऱ्या एजंटला ते निरर्थक वाटते. त्यात त्याने युनिकोड मराठी शब्द घातला तर एकाच ओळीत दोन लिप्यांची खिचडी होते. म्हणून आधी संपूर्ण फाइल युनिकोडमध्ये आणणे ही पहिली पायरी. ‘१५’ आणि ‘15’ हे एकच आहेत, हेही एजंटला सांगावे लागते. नाहीतर शोधात निम्मे आकडे सुटतात.

एका आकड्याने काय बिघडते?

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. मालमत्ता कराची आकारणी कोणत्या वर्षापासून करायची, यावरून पुढे खारघर, कामोठे, कळंबोली परिसरातील रहिवाशांनी मोठा विरोध केला. अशा विषयाच्या स्लाइडवर एक वर्ष इकडचे तिकडे झाले, तर तो घराघरांच्या थकबाकीचा प्रश्न होतो. मजकुराच्या आकाराचेही तसेच. २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यान कोसळून सात अंतराळवीर मरण पावले. धोक्याची महत्त्वाची माहिती एका स्लाइडच्या खालच्या, बारीक टायपातील ओळींत दबली होती, यावर चौकशी मंडळाने बोट ठेवले. मजकूर चौकटीत बसवण्यासाठी अक्षरे बारीक करणे हा एजंटचाही सोपा उपाय असतो.

आपली फाइल जाते कुठे?

बहुतेक सेवांत स्लाइडचा मजकूर कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो. पनवेलमध्येच २०२० पासून योट्टाचे मोठे डेटा सेंटर आहे. पण यंत्रे शेजारी असली म्हणून आपली फाइल तिथेच राहील असे नाही. ते सेवेच्या करारावर ठरते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधने वापरू नयेत असे सांगितले, ते गोपनीयतेच्या काळजीतूनच. करदात्यांची नावे, रुग्णांची माहिती किंवा न उघडलेल्या निविदांचे दर असलेली स्लाइड कोणत्याही मोफत साधनात टाकणे म्हणजे कपाटाची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे.

मग वापरावे की नाही?

जरूर वापरावे. साठ स्लाइडवरील तारीख बदलणे, तिरक्या चौकटी ओळीत आणणे, जुने बोधचिन्ह काढणे यात माणसाचा वेळ घालवण्यात शहाणपण नाही. पण कार्यालयाने काही अटी लेखी घालून द्याव्यात. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी. एका वेळी एकच स्पष्ट सूचना द्यावी आणि ‘बाकी काहीही बदलू नये’ हे त्यात लिहावे. आधी काय होते आणि आता काय आहे याची यादी जे साधन दाखवत नाही, ते विकत घेऊ नये. आकडे, तारखा आणि नावे मूळ कागदाशी माणसानेच ताडावीत.

आज चूक झाली की दोष बहुधा पीपीटी बनवणाऱ्या लिपिकावर किंवा कंत्राटी संगणकचालकावर येतो. उद्या ‘एआयने केले’ म्हणून सगळेच हात झटकतील. दोन्ही टाळायचे असेल, तर बदल कोणी सांगितला, कोणी केला आणि कोणी तपासला याची नोंद फाइलसोबत राहिली पाहिजे. सभागृहात ती स्लाइड जो अधिकारी मांडतो, तिच्यातील प्रत्येक आकड्याला तोच उत्तरदायी आहे. हे काम एजंटला सांगता येत नाही.