हवेची गोधडी

अंबरनाथला आमच्या आईचे घर आहे. घर म्हणजे चार भिंती आणि वर लोखंडी पत्रा. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी आईला घेरी आली. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण आधी त्या छपराचे काहीतरी करा." आम्ही आईला बदलापूरला आमच्याकडे चल म्हणालो, तर ती म्हणाली, "आणि माझ्या तुळशीला पाणी कोण घालील?" तुळशीपुढे कोणाचे चालले आहे? आम्ही निमूटपणे छपराकडे वळलो.

उल्हासनगर म्हणजे आमच्या या पट्ट्याची बाजारपेठ. लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधव आले, १९४९ साली त्या वस्तीला हे नाव मिळाले, आणि आज तेथे मिळत नाही अशी वस्तू शोधावी लागते. दुकानदाराने थर्माकोलचे सारख्याच जाडीचे दोन तक्ते पुढे ठेवले. एक हलका नि स्वस्त, दुसरा जड नि महाग. "साहेब, हलका घ्या. हलका म्हणजे आत हवा जास्त. हवेतून गरमी जात नाही." मराठीच्या प्राध्यापकाला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. सुदैवाने खिशात पैसे कमी होते!

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांपुढे मी तोच युक्तिवाद ऐटीत मांडला. ते हसले आणि पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडू लागले.

उष्णता वाहून नेण्याच्या शक्तीचे माप असते. तांब्याचे सुमारे ४००, थर्माकोल ज्याचा होतो त्या भरीव पॉलिस्टायरिनचे ०.१५ च्या आसपास आणि स्थिर हवेचे अवघे ०.०२६. जड तक्त्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवाच. मग दोघांचे मिळून माप किती? हवा आणि पदार्थ यांचे थर एकावर एक आडवे आहेत असे धरले, तर उत्तर ०.०२६ च्या किंचित वर. शेजारी शेजारी उभे धरले, तर ०.०२९ च्या किंचित खाली. खरे उत्तर या दोन भिंतींच्या मध्ये हवे. मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात विजेसाठी दिलेले गोलकांचे सूत्र उष्णतेलाही लागू पडते. त्याने येते ०.०२८.

"झाले तर मग!" मी म्हणालो.

"थांबा. प्रत्यक्ष मोजले तर येते ०.०३५ च्या आसपास. वरचे कोठून आले?"

मी गप्प. मग उलगडा झाला. उष्णता नुसती अंगाला अंग लावूनच पुढे सरकते असे नाही. चुलीसमोर बसल्यावर लागते तशी झळ होऊन ती पोकळीतूनही जाते. तक्ता फारच हलका असला की वाटेतले पडदे विरळ होतात, आणि झळ आरपार निसटते. अगदी हलक्या तक्त्याचे माप म्हणूनच ०.०४५ पर्यंत चढते. दुकानदाराचे अर्धे खरे होते, आणि अर्धेच फसवे असते!

आता हिशेब पाहा. पत्रा ६० अंशांवर आणि तक्त्याची आतली बाजू ३५ अंशांवर असेल, तर २५ मिलिमीटर जाडीच्या हलक्या तक्त्याच्या एका चौरस मीटरातून ४५ वॅट उष्णता खाली उतरते, चांगल्या तक्त्यातून ३५. जाडी ५० केली की ती निम्म्यावर येते. आणखी दोन गोष्टी सहकाऱ्यांनी बजावल्या. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम पत्र्याखाली नको. पावसाळ्यात पाणी मुरले की संपले, कारण पाण्याचे माप ०.६, म्हणजे हवेच्या वीसपटीहून अधिक. आणि थर्माकोल पेट घेतो, काळा धूर सोडतो. तो उघडा ठेवू नका, स्वयंपाकघराच्या वर तर मुळीच नाही.

आम्ही ५० मिलिमीटरचा जड तक्ता घेतला आणि खालून सिमेंटचा पातळ बोर्ड ठोकला. यंदाच्या मे महिन्यात आई दुपारी चक्क घोरत होती.

संध्याकाळी मी तिला हा सारा सिद्धांत समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे गोधडीच की रे! जुन्या लुगड्यांचे थर घालायचे, मध्ये हवा कोंडायची. फार विरळ टाके घातले तर ऊब राहत नाही, हे मला माझ्या आईने सांगितले होते."

दिवाळीत, वाचकहो, आकाशकंदील लावायला शिडीवर चढाल, तेव्हा छपराकडेही एकदा पाहून घ्या. आणि हिशेब अडला तर घरातल्या म्हातारीला विचारा.