बाईचं दुःख बाईला कळतंच?

भयमालिका आणि स्त्रीमुक्ती यांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. भूतप्रेतांच्या मालिका अंधश्रद्धा वाढवतात, ही आपली तक्रार रास्तच आहे. तरीही २०२० साली आलेली ‘लव्हक्राफ्ट कंट्री’ ही १० भागांची अमेरिकन मालिका आपल्या गटांनी पाहावी, असं मी आग्रहानं म्हणेन. ती घडवली मिशा ग्रीन या कृष्णवर्णीय लेखिकेनं.

काळ १९५० च्या दशकाचा. राक्षस, मंत्रतंत्र सगळं आहे; पण पहिल्या भागात खरी धास्ती वाटते ती सूर्य मावळण्याची. अंधार पडल्यावर काळ्या माणसानं हद्दीत दिसायचं नाही, असा दंडक असलेली गावं अमेरिकेत खरोखरच होती. पोलिसाची गाडी पाठलाग करू लागते, तेव्हा राक्षस परवडले असं वाटतं.

मला अस्वस्थ केलं ते दोन बायकांच्या नात्यानं. क्रिस्टिना गोरी, श्रीमंत. पण बाई म्हणून तिला बापाच्या गुप्त पंथात प्रवेश नाही. रूबी काळी, शिकागोतल्या मोठ्या दुकानात नोकरी मिळावी ही तिची आस. क्रिस्टिनाच्या जादूच्या औषधानं रूबी काही काळ गोरी बाई होते आणि लगेच नोकरी मिळते, तीही वरच्या जागेवर! गुण तेच, बदललं फक्त कातडं.

पुढे १९५५ ची खरी घटना येते. एका गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याचा ठपका ठेवून मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाची हत्या झाली. गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं आरोपींना निर्दोष सोडलं. जगानं पाहावं म्हणून त्याच्या आईनं, मेमी टिलनं, शवपेटी उघडी ठेवली होती. मालिकेतली रूबी या मृत्यूनं कोसळते. क्रिस्टिनाला काहीच वाटत नाही. मग ती पैसे देऊन स्वतःला तसंच मारून घेते आणि नदीतून जिवंत बाहेर येते, कारण जादूमुळे तिला मरण नाही. दुसऱ्याचं दुःख ‘अनुभवून’ पाहण्याचीही चैन तिला परवडते! शेवटच्या भागात तर ती रूबीचंच रूप घेऊन तिच्या बहिणीला फसवते.

मैत्रिणींनो, शिबिरांत आपण ‘बाईचं दुःख बाईलाच कळतं’ असं सहज म्हणतो. पण पुरुषसत्तेचा जाच सोसलेली बाई वर्णाचे, जातीचे फायदे सोडतेच असं नाही. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या दलित स्त्रियांनी आपल्या चळवळीला हेच सुनावलं होतं. कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना मला ते आजही दिसतं. हुंड्यासाठी छळ सोसलेली सवर्ण सून घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईला चहा वेगळ्या कपातच देते.

मालिकेतही दोष आहेत. याहिमा हे आदिवासी पात्र आल्या आल्या मारलं जातं. ग्रीन यांनी नंतर ही चूक कबूल केली. वंशभेदाविरुद्ध लढतानाही दुसरं कुणी पायाखाली येऊ शकतं, ते असं.

म्हणून मालिका पाहून झाल्यावर भुतांवर फार वेळ घालवू नका. आपल्या संघटनेत निर्णय कोण घेतं आणि सतरंज्या कोण उचलतं, इथून चर्चा सुरू करा.