वर्ध्यातील मिशनची शाळा आणि नवे सत्र

विदर्भातील ऊन शाळांच्या कारभारावरही आपला अंमल चालविते. उर्वरित महाराष्ट्रात २०२५ साली १६ जूनला शाळा उघडल्या, तरी आमच्या वर्धा जिल्ह्यातील मुलांना २३ जूनपर्यंत मुभा मिळाली. आणि मृग सरून आर्द्रा लागल्यावर, ज्या दिवसांत सेलू, देवळी व हिंगणघाट तालुक्यांतील शेतकरी कपाशीच्या बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव करीत असतो, नेमक्या त्याच दिवसांत मुलांची फी, वह्या आणि गणवेश यांचा हिशेबही त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. जिल्ह्यातील कॅथलिक मिशनच्या प्राथमिक शाळांविषयी लिहावयाचे तर आरंभ या हिशेबापासूनच केला पाहिजे. ख्रिस्ती वस्ती या जिल्ह्यात शेकडा एकाहूनही कमी; तेव्हा मिशनच्या शाळेत बसणारी बहुतेक मुले हिंदू, बौद्ध आणि मुसलमान घरांतील, शेतकऱ्यांची, नोकरदारांची आणि लहान दुकानदारांचीच असतात.

माझा या शाळांशी संबंध प्रथम पालक म्हणून आला आणि आता आजोबा म्हणून चालू आहे. नातीच्या वर्गाच्या सिस्टरांची बदली मे महिन्यात झाली. धर्मसंघाचा तो शिरस्ताच आहे, हुकूम आला की एक पेटी घेऊन निघावयाचे. परंतु सहा वर्षांच्या मुलीला शिरस्ता कळत नाही, आणि पहिल्या दिवशी ती नव्या सिस्टरांच्या चेहऱ्यात जुन्या सिस्टरांना शोधीत राहिली. नव्या सिस्टर केरळातून नुकत्याच आलेल्या; मराठी त्यांना अडखळत येते; पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव बिनचूक उच्चारण्याचा जो ध्यास घेतला, त्याबद्दल माझ्या मनात आदर दाटून आला.

केरळ आणि वर्धा यांचा हा संबंध आकस्मिक नाही. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा आणि तेथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा तर १८७० ची. पण वर्धा जिल्हा आज ज्या चांदा धर्मप्रांतात मोडतो, तो १९६२ साली सीरो-मलबार या केरळी ख्रिस्ती परंपरेचे मिशनक्षेत्र म्हणून स्थापन झाला, केरळातील सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंच्या हाती सोपविण्यात आला आणि १९७७ साली पूर्ण धर्मप्रांत झाला. या संघाचे एक संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा यांनी मान्नानम येथे १८४६ साली संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे प्रत्येक चर्चला जोडून एक शाळा असलीच पाहिजे असे आपल्या अधिकारातील चर्चांना बजावले. चावरांचा स्मृतिदिन ३ जानेवारी; सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिनही तोच. संघाची स्थापना आणि सावित्रीबाईंचा जन्म या दोन्ही गोष्टी १८३१ सालच्याच. या योगायोगातून कोणतेही प्रमेय मी काढीत नाही. परंतु वर्ध्याच्या मिशनशाळेत त्या एका दिवशी मुलांना दोन्ही चरित्रे सांगितली गेली, तर त्याहून औचित्याचा पाठ दुसरा कोणता असेल हे मला सुचत नाही.

त्या वर्षी बदल हा एकच नव्हता. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस निवर्तले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे त्यांच्या जागी निवडले गेले, ते दूरचे. जवळचा बदल असा की, नव्या शैक्षणिक धोरणानुसार इयत्ता पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तके बदलली. त्यातच भाषेचा प्रश्न आला. मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो सुधारून ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी असे त्याचे रूप झाले, आणि लोकक्षोभानंतर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून समितीची तजवीज करण्यात आली. म्हणजे आमच्या जिल्ह्यातील शाळा उघडल्या त्या एका फर्मानाखाली, आणि सप्ताह पुरा होतो न होतो तोच ते फर्मान मागे गेले. ज्या मुख्याध्यापिकेने सुट्टीत बसून तासिकांचे वेळापत्रक आखले, तिने ते पुन्हा आखावयाचे, आणि पालकांना तोच खुलासा दुसऱ्यांदा करावयाचा. राज्यकारभारात दुरुस्तीला स्थान असलेच पाहिजे, आणि हा निर्णय मागे घेतला हे योग्यच झाले. पण सहा वर्षांच्या मुलाने किती भाषांचे ओझे उचलावे हा प्रश्न शाळा उघडण्याच्या आठवड्यापर्यंत लोंबकळत ठेवणे मला अक्षम्य वाटते.

भाषेच्या बाबतीत दोष केवळ सरकारचा नव्हे. आम्ही पालक मिशनच्या शाळेत मूल घालतो ते बहुधा इंग्रजीसाठी, आणि गल्लोगल्ली निघालेल्या कॉन्व्हेंटांशी तिची तुलनाही इंग्रजीवरूनच करतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली खरी. परंतु ज्या घरात मुलाने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यावे म्हणून आईवडील हट्ट धरतात, तेथे कायद्याची मात्रा चालत नाही. मातृभाषेतून शिक्षणाची योजना ज्या नगरीतून देशाला मिळाली, त्या नगरीत हे घडावे याचे दुःख मला सर्वांत अधिक आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथील मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढील नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधारे, ही वर्धा योजना, म्हणजेच नई तालीम, तेथे आकारास आली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा सिद्ध केला.

त्या समितीचे निमंत्रक ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे सिंहलद्वीपातील तमिळ ख्रिस्ती होते, आणि एक सदस्य जे. सी. कुमारप्पा, ज्यांनी मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र रचले, तेही ख्रिस्ती होते. दोघे कॅथलिक नव्हते हे खरे. पण येशूवरील निष्ठा आणि वर्ध्याच्या मातीतील शिक्षण यांत विरोध नाही, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले. आणि आजच्या मिशनशाळेला आपला वंश शोधावयाचा असेल तर मान्नानमबरोबर गांधीजींच्या आश्रमाचे सेवाग्रामही तिने आपले मानावे. तेथे नई तालीम समितीने २००५ साली सुरू केलेली आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा आहे. मुले शेतात काम करतात, सूत काततात, आणि त्यातूनच गणित व विज्ञान शिकतात. या दोन शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांकडे जाण्याचा प्रघात पाडला, तर मिशनची शिस्त आणि सेवाग्रामची सर्जनशीलता यांची देवाणघेवाण होईल. दोघींनाही तिची गरज आहे.

प्रार्थनेचा विषय नाजूक आहे, तरी टाळणार नाही. देशात मिशनशाळांविषयी संशयाचे वातावरण वाढत असता, एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या: अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका रोज वाचली जावी, शक्य तेथे सर्वधर्मीय प्रार्थनागृह असावे. या सूचना भयापोटी पाळल्या गेल्या तर त्यांचे तेज जाईल. सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीवर उपनिषदे, कुराण, पारशी गाथा आणि बौद्ध मंत्र यांच्यासमवेत ख्रिस्ती भजनालाही स्थान होते; पुढे कॅथलिक चर्चचे कार्डिनल झालेल्या न्यूमन यांचे ‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत ‘प्रेमळ ज्योति’ या गुजराती रूपाने आश्रमाच्या भजनावलीत आले. तेथे कोणी काही लपविले नाही आणि कोणी कोणावर काही लादले नाही. मिशनच्या शाळेनेही क्रूस भिंतीवरून उतरविण्याचे कारण नाही. मात्र त्याच्याखाली बसलेल्या बौद्ध मुलीला वैशाखी पौर्णिमेविषयी वर्गाला सांगण्याचा अधिकार असला पाहिजे.

व्यवस्थापनास माझी विनंती आहे की, शेतकरी पालकांकडून फीचा मोठा हप्ता जूनमध्ये न मागता, कापसाचे पैसे हाती येतात त्या दिवाळीनंतरच्या काळात घ्यावा; जमाखर्चाची थोडी ओढाताण होईल, पण पेरणीच्या तोंडावर सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी एखाद्या बापावर येणार नाही. आणि पालकांस विनंती ही की, पहिल्या पालकसभेस आईवडील दोघांनीही जावे, नव्या सिस्टरांशी मराठीतच बोलावे, त्या अडखळल्या तर थांबून शब्द सांगावा, आणि मुलाला इंग्रजी केव्हा येईल हे विचारण्यापूर्वी ते मराठी गोष्टीचे पुस्तक स्वतःहून वाचावयास केव्हा लागेल, हे विचारावे.